मोपावरच्या टॅक्सीवाल्याला गंभीर आजाराचा विमा हवा का?

वाचकाचं पत्र :

नमस्कार. आम्ही पेडणे तालुक्यातले. माझे यजमान ४३ वर्षांचे, मोपा विमानतळावर स्वतःची टॅक्सी चालवतात. मी एका खासगी शाळेच्या ऑफिसात आहे, पगार २२ हजार. मुलगी बारावीत, मुलगा आठवीत. सासूबाई ७२ वर्षांच्या, आमच्याकडेच असतात. गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं दीनदयाळ कार्ड आहे, शिवाय आम्हा चौघांचा ५ लाखांचा मेडिक्लेम. यजमानांची एलआयसीची एक मनीबॅक पॉलिसीही आहे. घराचं कर्ज चालू आहे, गाडीचंही. गाडीचं कर्ज थोडं वाढवून घ्यायला गेलो, तर बँकेतल्या साहेबांनी २५ लाखांची क्रिटिकल इलनेस (गंभीर आजाराची) पॉलिसी घ्या असा आग्रह धरला. कोटेशनचा फोटो जोडते. माझे सासरे ५४ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले आणि यजमानांना गेल्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली, म्हणून मला धाकधूक वाटते. पण शेजारच्या काकांची अशीच पॉलिसी होती, अँजिओप्लास्टी झाल्यावर कंपनीने क्लेम नाकारला. मेडिक्लेम असताना हे वेगळं घ्यायचं कशाला? आणि घ्यायचंच तर माझ्यासाठी आणि सासूबाईंसाठीही घ्यावं का?
– एक वाचक, पेडणे

नमस्कार ताई,

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. यजमानांसाठी घ्या. २५ लाखांचा नको, १५ पुरेल. फोटोतलं कोटेशन बाजूला ठेवा, त्याबद्दल खाली लिहिलं आहे. आणि त्याच्याही आधी एक साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घराला मोठी रक्कम देणारा विमा, घ्या, कारण तुमच्या पत्रात तो कुठेच दिसला नाही.

मेडिक्लेम असताना हे कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. मेडिक्लेम इस्पितळाचं बिल भरतो. दीनदयाळ कार्डही तेच करतं, तुमच्यासारख्या चार किंवा जास्त माणसांच्या घराला वर्षाला ४ लाखांपर्यंत. वर आपल्याकडे गोमेकॉ, म्हणजे बांबोळीचं सरकारी गोवा मेडिकल कॉलेज, आहे. जानेवारी २०१८ पासून तिथे परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं, गोंयकाराला उपचार मोफतच राहिले. त्यामुळे बिलाच्या बाबतीत पेडण्यातला माणूस पलीकडच्या सावंतवाडीतल्या माणसापेक्षा बराच सुखी आहे. पण बायपास होऊन यजमान चार महिने घरी बसले, तर गाडी अंगणात उभी राहणार आणि बँकेचा हप्ता मात्र पाच तारखेला येणारच. हा हप्ता ना मेडिक्लेम भरत, ना दीनदयाळ, ना बांबोळी. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली-सत्तरीत दारोदारी उभ्या राहिलेल्या ट्रकांचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. गाडी चालत नाही म्हणून कर्ज थांबत नाही.

गंभीर आजाराचा विमा ह्या जागी उपयोगी पडतो. पॉलिसीत दिलेल्या यादीतला आजार ठरलेल्या व्याख्येत बसला, की कंपनी पूर्ण रक्कम एकदम हातात देते. इस्पितळाची बिलं द्यावी लागत नाहीत, पैसे कशावर खर्च केले हे कोणी विचारत नाही. गोमेकॉत फुकट उपचार झाले तरी पूर्ण रक्कम मिळते, मेडिक्लेमने बिल भरलं तरी मिळते. बहुतेक पॉलिसींत एकदा रक्कम दिली की पॉलिसी तिथेच संपते.

आता रक्कम किती, ते तुमच्याच आकड्यांनी पाहू. तुम्ही कळवल्याप्रमाणे गाडीचा हप्ता १६ हजार, घराचा साडेतेरा, घरखर्च २५ हजार, मुलांच्या शिकवण्या ६ हजार. महिन्याला झाले ६० हजार ५००. त्यातून तुमचा पगार वजा केला की ३८ हजार ५०० रुपयांचं भगदाड राहतं. कॅन्सरचे उपचार किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली तर माणूस पूर्ववत कामाला लागेपर्यंत दीड वर्ष धरायला हरकत नाही. म्हणजे ६ लाख ९३ हजार. कॅन्सर निघाला आणि परळला टाटात जायचं ठरलं, तर थिवीहून कोकणकन्येची तिकिटं, सोबतच्या माणसाचं राहणं-जेवण, मेडिक्लेमने कापलेले हातमोजे-सिरिंजसारखे खर्च, ह्यासाठी ३ लाख धरा. १० लाख झाले. वरचे ५ मी एका वेगळ्या कारणाने घालतो. मोपाच्या फेऱ्या म्हणजे रात्री-अपरात्रीचं ड्रायव्हिंग. आजारातून उठलेला माणूस परत स्टिअरिंगवर बसला तरी पहाटे तीनची भाडी घेईलच असं नाही, आणि डॉक्टरही ते करू नको म्हणतील. कमाई निम्म्यावर आली तर घडी बसायला काही महिने जातील, त्यासाठी ते ५ लाख. बदली ड्रायव्हर ठेवून गाडी चालवता येईल हे खरं, पण त्याचा वाटा आणि डिझेल गेल्यावर उरतं किती हे यजमानांना माझ्यापेक्षा जास्त माहीत.

पंचवीस लाखांचा आकडा साहेबांनी कुठून काढला कोण जाणे. गोल दिसतो म्हणून असेल. जास्तीच्या १० लाखांच्या प्रीमियममधून टर्म विम्याचा बराच भार उचलला जाईल.

आता तो फोटो. मूळ प्रीमियम १२,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी २,२५०, एकूण १४,७५०. ह्यातली मधली ओळ पाहून मी थांबलो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर आणि वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी शून्य आहे. मग हे २,२५० आले कुठून? एकतर कोटेशन जुनं आहे आणि साहेबांनी ड्रॉवरमधलं काढून दिलं. नाहीतर ही वैयक्तिक पॉलिसी नाहीच, बँकेने आपल्या कर्जदारांसाठी घेतलेली ग्रुप पॉलिसी आहे, कारण ग्रुप पॉलिसीवर कर अजून लागतो. मला दुसरी शक्यता जास्त वाटते. ग्रुप पॉलिसीत मुख्य पॉलिसी बँकेच्या नावावर असते, तुमच्या हाती येतं ते नुसतं प्रमाणपत्र. बँकेने उद्या त्या कंपनीशी करार मोडला, की तुमचं संरक्षण लोंबकळतं, तेही अशा वयात जेव्हा नवी पॉलिसी महाग झालेली असते. काही ठिकाणी तर प्रीमियम कर्जाच्याच रकमेत मिळवतात, म्हणजे विम्याच्या पैशांवरही तुम्ही व्याज भरता, आणि विम्याची रक्कम कर्जाबरोबर दरवर्षी खाली येते. साहेबांना एवढंच विचारा, “ही वैयक्तिक की ग्रुप? पॉलिसीधारक म्हणून नाव कोणाचं?” उत्तर कागदावर मागा. पॉलिसी घेतल्याशिवाय कर्ज मंजूर होणार नाही असं ते म्हणाले असतील, तर तेही लिहून द्यायला सांगा. देणार नाहीत. बँकेला ठरावीक कंपनीचा विमा कर्जदाराच्या गळ्यात बांधता येत नाही, हे त्यांना चांगलं माहीत असतं.

शेजारच्या काकांचं प्रकरण जरा बारकाईने पाहण्यासारखं आहे. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, मोठ्या आजारांच्या व्याख्या सगळ्या कंपन्यांसाठी सारख्या ठरवून दिल्या आहेत. बायपासची जी व्याख्या आहे, तीत छाती उघडून किंवा छोट्या छेदातून (की-होल) प्रत्यक्ष केलेली बायपास शस्त्रक्रिया लागते आणि अँजिओप्लास्टी स्पष्टपणे वगळलेली आहे. काही पॉलिसी अँजिओप्लास्टीसाठी पैसे देतात, पण विमा रकमेचा एखादा तुकडाच. म्हणून काकांनी ‘अँजिओप्लास्टी झाली’ म्हणून क्लेम केला असेल तर नकार नियमाला धरून आहे. पण अँजिओप्लास्टी का झाली? नुसती धाप लागत होती, तपासणीत ब्लॉक दिसला म्हणून स्टेंट घातला, तर विषय संपला. पण खरोखर अटॅक येऊन ती झाली असेल, तर हार्ट अटॅक हा यादीत स्वतंत्र आजार आहे आणि त्याच्या व्याख्येत उपचार कोणता केला ह्याला महत्त्व नाही. तिथे तीन गोष्टी लागतात : छातीत दुखण्यासारखी ठळक लक्षणं, ईसीजीत नव्याने दिसलेले बदल, आणि रक्तात ट्रोपोनिनसारख्या घटकांची वाढ. तिन्ही हव्यात. नुसत्या अंजायनाला, म्हणजे अटॅक न येता हृदयामुळे छातीत दुखण्याला, पैसे नाहीत.

तेव्हा काकांच्या फायलीत पहिला ईसीजी आहे का ते बघा. आपल्याकडे छातीत दुखू लागलं की माणसाला आधी जवळच्या आरोग्य केंद्रात नेतात, तिथे ईसीजी निघतो, गरज असली तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात आणि रुग्णवाहिका बांबोळीला निघते. तो पहिला ईसीजी म्हणजे वीतभर लांबीची गुलाबी चौकटींची पट्टी. ती रेफरल चिठ्ठीला टाचणीने लावलेली असते आणि पुढच्या धावपळीत हरवते. तिच्यावर वेळ छापलेली असते, आणि इंजेक्शनने फरक पडण्याआधीचं हृदय त्याच कागदावर असतं. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टर चार शब्दांत निदान लिहून मोकळे होतात, कंपनीच्या डॉक्टरला पुरावा पाहिजे असतो. शिवाय ती पट्टी उष्णतेच्या कागदावर छापलेली असेल तर वर्षा-दोन वर्षांत पुसट होते. मोबाईलवर लगेच फोटो काढून ठेवावा.

काकांकडे हे कागद असतील तर कंपनीच्या तक्रार विभागाला हार्ट अटॅकच्या कलमाखाली फेरविचाराचं पत्र लिहा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. गोवा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतो. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते ऐकतात. फक्त कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जायला हवं, तेव्हा चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर बघू असं म्हणू नका. आयआरडीएआयचा १५५२५५ हा तक्रारीचा नंबरही आहे.

ह्याच कारणासाठी जाहिरातीतल्या ‘३६ आजार’, ‘६४ आजार’ ह्या आकड्यांना मी फार किंमत देत नाही. बहुतेक क्लेम कॅन्सर, हृदय, मेंदू, मूत्रपिंड ह्यांच्याच आसपास येतात, आणि त्यांच्या व्याख्या सगळीकडे जवळपास त्याच. विचारायचं ते वेगळं. लवकर सापडलेल्या कॅन्सरला काही मिळतं का? नेहमीच्या व्याख्येत जागच्या जागी असलेला, न पसरलेला कॅन्सर धरत नाहीत, थायरॉइडचा अगदी प्राथमिक टप्प्यातलाही नाही. काही कंपन्या अशा वेळी २५ टक्के वगैरे देतात, तशी पॉलिसी मिळाली तर थोडे पैसे जास्त भरायला हरकत नाही. पक्षाघातात हातापायातला किंवा बोलण्यातला दोष किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा लागतो. म्हणजे पैसे यायचे तर चौथ्या-पाचव्या महिन्यात. तोवर घर चालवायला दोन-तीन महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला हवा, विमा असो वा नसो.

आणखी दोन अटी आहेत. पॉलिसी सुरू झाल्यापासून साधारण पहिले ९० दिवस काही आजार निघाला तर पैसे नाहीत. आणि निदानानंतर ठरावीक दिवस, बहुतेक ठिकाणी ३०, रुग्ण जिवंत असायला हवा. ऐकायला क्रूर वाटतं. पण हा विमा जगलेल्या माणसाच्या संसारासाठी आहे. तुमचे सासरे अटॅकमध्ये लगेच गेले असतील, तर ह्या पॉलिसीतून घराला एक पैसाही आला नसता. त्या प्रसंगासाठी टर्म विमा. म्हणूनच मी तो आधी म्हणालो. दोन मुलं शिकताहेत, दोन कर्जं डोक्यावर आहेत. ७५ लाख ते १ कोटींचा टर्म, यजमानांच्या साठीपर्यंत. मनीबॅकची रक्कम ह्याच्यापुढे चिंचोक्याएवढी.

टर्मबरोबर गंभीर आजाराचा रायडर, म्हणजे त्याच पॉलिसीला जोडलेलं जादा कलम, मिळतो, तो स्वस्त पडतो, पण एक वाक्य नीट वाचा. काही रायडर आजाराला दिलेली रक्कम मूळ टर्ममधून वजा करतात. १५ लाख मिळाले की १ कोटींचे ८५ लाख उरतात. वजा न करणारा रायडर मिळत असेल आणि प्रीमियम पूर्ण मुदतीसाठी ठरलेला असेल, तर तुमच्या घरासाठी मी तोच निवडीन. आरोग्य विमा कंपनीची स्वतंत्र पॉलिसीही चालेल, फक्त तिचा प्रीमियम वयाबरोबर वाढत जातो. दोन्हींची कोटेशनं मागवा आणि शेजारी ठेवून बघा.

आणि फॉर्म तुम्ही स्वतः भरा. एजंट टॅबलेटवर भराभर ‘नाही, नाही, नाही’ दाबत जातो आणि शेवटी ओटीपी मागतो. तो ओटीपी म्हणजे तुमची सही. वडिलांना साठीच्या आत हृदयविकार होता का – हो. रक्तदाबाचं औषध – हो, कधीपासून, कोणतं. तंबाखू – यजमान कधीमधी गुटखा खात असतील तर तेही हो. लिहिलंत तर फार तर प्रीमियम चढेल, तपासण्या करायला सांगतील, नाहीतर आधीच्या आजाराशी संबंधित दाव्यांसाठी प्रतीक्षाकाळ लावतील, जो आरोग्य विम्यात आता जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. लपवलंत तर ऐन वेळी कंपनीला आयतं निमित्त मिळेल. ‘पाच वर्षांनंतर काही विचारत नाहीत’ असं एजंट सांगेल. आरोग्य विम्यात ६० महिने सलग झाल्यावर माहिती लपवल्याचा मुद्दा काढता येत नाही हे खरं, पण फसवणूक सिद्ध झाली तर तेव्हाही काढता येतो, आणि अटॅक पाच वर्षं थांबेल ह्याची हमी एजंट देणार आहे का? पॉलिसीचा कागद हाती आला की उत्तरं बरोबर छापली आहेत ना ते पडताळा. पटलं नाही तर ३० दिवसांत परत करता येते.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. दिवसाचे दहा-बारा तास रस्त्यावर असलेल्या माणसाला आजाराइतकाच धोका अपघाताचा. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर यजमान रोज जातात, मी काय सांगावं! मोडलेला पाय गंभीर आजाराच्या यादीत नसतो. वैयक्तिक अपघात विमा घ्या, त्यात काम बंद असताना आठवड्याला ठरावीक रक्कम देणारं कलम असलेला. प्रीमियम तुलनेने फारच कमी असतो.

ह्याच नजरेने पाहिलं तर कोणाला हा विमा हवा हे सहज कळतं. तुमच्या वाड्यावरचा तारवटी (जहाजावर नोकरी करणारा), ज्याचा पगार कंत्राट संपलं की थांबतो, त्याला हवा. शॅक चालवणारा, गॅरेजवाला, घरगुती केटरिंग करणारी बाई, ह्यांना हवा, विशेषतः कर्ज असेल तर. सरकारी नोकराला वैद्यकीय रजा मिळते, पगार चालू राहतो, त्याने आधी मेडिक्लेम भक्कम करावा. कर्ज फिटलेलं आहे, मुलं कमावती झाली आहेत, एफडी पुरेशी आहे, अशा माणसाने प्रीमियम भरून कंपनीचं भलं करण्यात अर्थ नाही.

तुमच्यासाठी? सध्या नाही. घर तुमच्या पगारावर उभं नाही, आणि तुमच्या आजारपणात यजमानांची गाडी चालू राहील. खासगी शाळेत आजारपणाची पगारी रजा किती मिळते ते मात्र विचारून ठेवा. पाच-सहा वर्षांनी घराचा भार तुमच्याकडे आला असेल, तर तेव्हा पुन्हा विचार करू. तोवर त्याच पैशात तुम्हा चौघांच्या मेडिक्लेमला १५-२० लाखांचा सुपर टॉप-अप, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या वरचं बिल भरणारी जोड पॉलिसी, जोडा.

सासूबाईंसाठी मुळीच नको. ह्या वयात बहुतेक कंपन्या नवी पॉलिसी देतच नाहीत, आणि त्यांचं थांबावं असं उत्पन्नही नाही. त्यांच्यासाठी इस्पितळाच्या खर्चाची सोय हवी. ७० वर्षांवरच्यांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. आधार कार्डावर त्यांची जन्मतारीख बरोबर आहे का तेवढं आधी बघून घ्या. जुन्या माणसांच्या आधारवर नुसतं साल असतं, कधी तेही चुकीचं, आणि नोंदणी तिथे अडते.